साक्षीदार आणि जामीनदार : मिरवण्याची हौस आणि द्रव्यलोभ यांविषयी ख्रिस्ती धर्म काय सांगतो

ख्रिस्ती धर्म पैशाला वाईट समजतो, असे पुष्कळांना वाटते. गोव्यात राहणाऱ्या पुष्कळांना मात्र याच्या नेमके उलट वाटते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सोन्याचा मुलामा दिलेल्या वेदी, फेस्ताचे, म्हणजे चर्चच्या उत्सवाचे, दारूकाम आणि मोठमोठ्या हॉलांत होणारी लग्ने असतात. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत ख्रिस्ती समाज सुमारे २५ टक्के आहे. म्हणजे इथल्या चार माणसांतले एक ख्रिस्ती आहे, आणि तरीही त्या शेजाऱ्याचा धर्म संपत्तीविषयी आणि मोठेपणाच्या हौसेविषयी काय सांगतो, हे आपल्याला बहुतेक ऐकीवच ठाऊक असते. वास्तविक मराठीला हा विषय परका नाही. सासष्टीतल्या रायतूर (राशोल) येथे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, आणि ख्रिस्ती विचार ओवीत बसू शकतो हे तेव्हाच सिद्ध झाले. तेव्हा चारशे वर्षांनंतर हा विषय साध्या गद्यात मांडायला हरकत नसावी.

पहिली गोष्ट म्हणजे, पैसा हे सर्व पापांचे मूळ आहे असे बायबलमध्ये कुठेही म्हटलेले नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात जे मूळ सांगितले आहे ते द्रव्याचा लोभ हे आहे, द्रव्य नव्हे. येशूच्या अनुयायांत सधन माणसेही होती. फिलिप्पै नगरात जांभळी वस्त्रे विकणारी लुदिया ही चांगला व्यापार असलेली बाई होती, आणि येशूला ज्या कबरीत ठेवले ती अरिमथाईच्या योसेफ नावाच्या धनवान माणसाने स्वतःसाठी खोदून घेतलेली होती. या दोघांनाही कोणी घरदार विकायला सांगितले नाही. म्हणजे आक्षेप वस्तूवर नाही. मग तो कशावर आहे?

माझ्या समजुतीप्रमाणे तो असा मांडता येईल. माणूस वस्तूला दोन अशी कामे सांगतो की जी तिच्याच्याने होत नाहीत. पहिले काम साक्षीदाराचे: मी कोणीतरी आहे हे या घराने, या गाडीने, या दागिन्याने चारचौघांत सांगावे. हा झाला मिरवण्याचा दोष, ज्याला आपण डामडौल, बडेजाव किंवा पोकळ प्रतिष्ठा म्हणतो. दुसरे काम जामीनदाराचे: उद्या काहीही झाले तरी या ठेवीने, या जमिनीने मला सांभाळून घ्यावे. हा झाला द्रव्यलोभ. मिरवणाऱ्याला बघणारे लोक लागतात, तर लोभी माणूस दार लावून एकटाच पैसे मोजू शकतो, म्हणून हे दोन दोष दिसायला वेगळे असतात आणि पुष्कळदा वेगवेगळ्या माणसांत आढळतात. गावात अत्यंत साधे राहणारा, फाटका सदरा घालून हिंडणारा आणि दमडीही न सोडणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि कर्ज काढून लेकीचे लग्न गाजवणाराही. ख्रिस्ती विचाराच्या दृष्टीने मात्र दोघांची चूक एकच आहे. माणसाची किंमत काय, हे सांगण्याचा अधिकार देवाचा, आणि उद्याची हमी देण्याचा अधिकारही त्याचाच. त्या दोन्ही जागा वस्तूला देणे म्हणजे मूर्तीपुढे नव्हे तर तिजोरीपुढे केलेली पूजाच होय. देवाची आणि धनाची अशी दोघांची चाकरी एकाच वेळी करता येत नाही, हे येशूचे वचन या अर्थाने समजून घ्यावे लागते.

यांपैकी मिरवण्याच्या दोषाचा सर्वांत बारीक अभ्यास ज्यांच्याजवळ मिरवण्यासारखे काहीच नव्हते अशा माणसांनी केला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या तपस्व्यांपैकी एवाग्रिउस याने माणसाला छळणाऱ्या आठ कुविचारांची यादी केली. तीत लोभ होता, गर्व होता, आणि गर्वाहून वेगळी अशी पोकळ कीर्तीची हावही होती. पुढे पोप पहिला ग्रेगरी (मृत्यू ६०४) याने यादीची फेरमांडणी केली, आणि आज जी सात घातक पापे म्हणून सांगितली जातात ती त्या मांडणीतून आली. एवाग्रिउसचे निरीक्षण असे होते की कीर्तीच्या हावेपासून सुटण्यासाठी माणूस जे करतो तेच तिला नवे खाद्य पुरवते. त्याच्याच परंपरेतल्या जॉन कॅसियन याने जुन्या तपस्व्यांचा दाखला देऊन या दोषाला कांद्याची उपमा दिली आहे: एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा असतोच. भरजरी कपड्याने मिरवता आले नाही तर माणूस जाड्याभरड्या कपड्याने मिरवतो, बोलण्याने मिरवता आले नाही तर मौनाने मिरवतो, आणि उपवास लपवला तर लपवल्याचाच अभिमान धरतो. मोबाइलवरच्या स्टेटसमध्ये स्वतःच्या साध्या राहणीचे फोटो टाकणाऱ्यांना हे सोळाशे वर्षांपूर्वीचे वर्णन अस्वस्थ करील, करायला हवे.

तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्विनास याने या विषयात वकिली काटेकोरपणा आणला. चांगल्या गोष्टीबद्दल लोकांनी चांगले म्हणावे, यात पाप नाही, असे तो प्रथमच स्पष्ट करतो. कीर्ती पोकळ ठरते ती तीन प्रकारांनी: ज्या गोष्टीसाठी ती हवी ती गोष्टच तकलादू किंवा खोटी असेल तेव्हा, ज्यांच्याकडून ती हवी त्यांना पारख नसेल तेव्हा, आणि ती देवाच्या गौरवाकडे किंवा शेजाऱ्याच्या हिताकडे न वळवता स्वतःपाशीच थांबवली जाते तेव्हा. या तिसऱ्या प्रकारामुळे बायबलमधली एक वरवर दिसणारी विसंगतीही सुटते. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या चरित्रात, एके ठिकाणी येशू म्हणतो की तुमची सत्कृत्ये लोकांना दिसू द्या, आणि पुढच्याच अध्यायात म्हणतो की दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नका. पहिल्या वचनात कृत्य पाहून लोकांनी स्वर्गातल्या पित्याचे गुणगान करावे असा हेतू आहे, आणि दुसऱ्यात कर्णा वाजवून दान देणाऱ्यांची टिंगल आहे. कापेलातल्या बाकांवर, पंख्यांवर आणि सभामंडपाच्या फरशीवर देणगीदारांची नावे कोरण्याची पद्धत, जी आपल्या देवळांतही तितकीच रुळलेली आहे, या दोहोंच्या नेमक्या मधोमध उभी आहे. दिवंगत आईच्या नावाने दिलेल्या बाकाला मी नावे ठेवणार नाही, पण नावाची अक्षरे वेदीपासून वाचता यावीत असा आग्रह ज्याने धरला त्याला अक्विनासचा तिसरा मुद्दा लागू पडतो.

गोव्याच्या इतिहासात या दोषाचे एक जवळजवळ हास्यास्पद उदाहरण नोंदले गेले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जुन्या गोव्यात राहिलेला लिन्शोतेन नावाचा डच आणि त्यानंतर काही वर्षांनी आलेला पिरार नावाचा फ्रेंच, या दोघांनीही तिथल्या पोर्तुगीज सैनिकांच्या थाटाचे वर्णन केले आहे. कित्येक सैनिक एका घरात दाटीवाटीने राहत, खाण्याची चणचण असे, पण घरात रेशमी पोशाख मात्र असत. ते सर्वांच्या सामाईक मालकीचे असत, आणि ज्याची पाळी असेल त्याने तो चढवून, डोक्यावर छत्री धरणारा नोकर घेऊन, संथ ऐटीत रस्त्याने फिरून यायचे. तोवर बाकीचे घरात बसून राहायचे. रस्त्यावरच्या बघ्याला त्या बाकीच्यांचा पत्ता नसे. वस्तूला साक्षीदार करणे म्हणजे काय, ते इतक्या उघडपणे क्वचितच पाहायला मिळते: साक्ष खोटी, साक्षीदार भाड्याचा, आणि न्याय देणारे लोक अनोळखी.

ज्या शहरात हे चालले होते त्याचे पुढे काय झाले, हे जुन्या गोव्याला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसते. गोवा पाहिला त्याने लिस्बन पाहिले नाही तरी चालेल, अशी पोर्तुगीजांत म्हण होती. साथीच्या रोगांनी ते शहर हळूहळू रिकामे केले आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली. संत ऑगस्टीनच्या मठाचा उंच मनोरा आज अर्धाच उभा आहे. १८३५ मध्ये धार्मिक संघांना बाहेर काढल्यावर मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा ढासळला, आणि तिथली घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते. बायबलमधल्या उपदेशक नावाच्या ग्रंथाचा हाच विषय आहे. त्यातला वक्ता स्वतःला यरुशलेमचा राजा म्हणवतो. त्याने घरे बांधली, द्राक्षमळे लावले, तलाव खोदले, सोनेरुपे साठवले, गाणारे ठेवले, आणि शेवटी सर्व काही व्यर्थ आहे असा निर्वाळा दिला. पैशावर प्रेम करणाऱ्याची पैशाने तृप्ती होत नाही, असेही तो म्हणतो. एवढेच वाचून पुष्कळ जण त्याला निराशावादी ठरवतात, पण ते बरोबर नाही. खावे, प्यावे, आपल्या श्रमात आनंद मानावा, कारण ते देवाचे देणे आहे, हे वाक्य तो पुन्हा पुन्हा उच्चारतो. भोगायला त्याची हरकत नाही. कायमचे टिकेल अशा आशेने भोगण्याला त्याची हरकत आहे. गोव्यातल्या काही सिमितेरींच्या, म्हणजे दफनभूमींच्या, दारावर ‘आयज म्हाका, फाल्यां तुका’ (आज मला, उद्या तुला) असे लिहिलेले असते, आणि उपदेशकाच्या बारा अध्यायांचा आशय त्या चार शब्दांत बहुतेक येऊन जातो.

आता द्रव्यलोभाकडे वळू. याविषयी येशूने सांगितलेला सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्त लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे. एका श्रीमंत शेतकऱ्याला भरघोस पीक येते, जुनी कोठारे पुरेनाशी होतात, म्हणून तो ती पाडून मोठी बांधायचे ठरवतो आणि स्वतःशीच म्हणतो की आता पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, खा, पी, मजा कर. त्याच रात्री त्याचा प्राण मागितला जातो. हा दृष्टान्त प्रवचनांतून वारंवार ऐकवला जातो, पण तो कोणत्या प्रसंगी सांगितला गेला, हे सहसा कोणी सांगत नाही. गर्दीतल्या एका माणसाने येशूला विनंती केली होती की गुरुजी, माझ्या भावाला वडिलोपार्जित मिळकतीची वाटणी करून द्यायला सांगा. येशूने मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमले, असे म्हणून ते प्रकरण हातात घ्यायचे नाकारले आणि लोभापासून सांभाळा असे बजावून ही गोष्ट सांगितली.

गोव्यातल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेला वारसा कायदा इथे सर्व धर्मांना सारखा लागू आहे. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही, आणि आईवडिलांना आपल्या निम्म्याच मिळकतीचे मृत्युपत्र मनाप्रमाणे करता येते, उरलेली निम्मी वारसांना मिळालीच पाहिजे. कायदा न्याय्य आहे. पण दोन-तीन पिढ्या वाटणी न करता गेल्या की एका घराचे वीस-पंचवीस हक्कदार तयार होतात, त्यांतले काही मुंबईत, काही आखातात, काही पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात असतात, ‘इन्व्हेंतार’ची, म्हणजे वारसांतल्या वाटणीच्या प्रकरणाची, फाइल न्यायालयात पडून राहते आणि घराला कुलूप लागते. अशी घरे सासष्टीतही आहेत आणि बार्देशातही, हिंदूंचीही आहेत आणि ख्रिस्त्यांचीही. बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीच्या, बैठकीवर पानांचा खच पडलेला असतो, नळ्यांच्या छपराला पिंपळ फुटलेला असतो, आणि दुरुस्तीचे पैसे कोणी द्यायचे यावर एकमत होत नाही म्हणून प्रत्येकाचा वाटा दर पावसाळ्यात थोडा थोडा कोसळत राहतो. दृष्टान्तातल्या शेतकऱ्याने निदान कोठारे बांधली तरी असती.

त्या शेतकऱ्याची चूक नेमकी काय होती, यावर चौथ्या शतकातल्या कैसरियाच्या बिशप बेसिल याने दिलेले प्रवचन आजही वाचले जाते. त्याने चोरी केली नव्हती, मजुरी बुडवली होती असेही कुठे म्हटलेले नाही. त्याच्या बोलण्यात फक्त ‘मी’ आणि ‘माझे’ आहे, दुसरे माणूसच नाही. बेसिलचे म्हणणे असे की तू अडवून ठेवलेली भाकरी भुकेल्याची आहे आणि तुझ्या पेटीत पडून राहिलेला अंगरखा उघड्याचा आहे. म्हणजे दान हा उपकार नसून परतफेड आहे. हा विचार कॅथलिक शिकवणुकीत पुढे पक्का झाला: सृष्टीतली संपत्ती मुळात सर्वांसाठी आहे. अक्विनासने त्याला व्यवहारी रूप दिले. खासगी मालकी असावी, कारण ज्याची वस्तू असते तो तिची निगा अधिक राखतो आणि भांडणे कमी होतात, पण वापराच्या वेळी ती सामाईक समजावी आणि गरजवंताला सहज द्यावी. उत्तम व्यवहाराने धन जोडावे आणि उदास विचाराने वेचावे, हे ज्याच्या कानावर लहानपणापासून आहे त्या मराठी माणसाला यात अपरिचित असे काही वाटू नये. फरक असला तर भर कुठे आहे एवढाच. आपल्याकडे भर खर्च करणाऱ्याच्या मनावर आहे, बेसिलकडे तो दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसावर आहे.

इथे कोणीही एक प्रश्न विचारील, आणि तो विचारायलाच हवा. हे सगळे खरे असेल तर जुन्या गोव्यातली चांदीची पेटी कशासाठी? संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, इस्पितळात रोग्यांजवळ राहिले, झिजलेल्या झग्यात हिंडले, आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर, जवळजवळ काहीही जवळ नसताना वारले. आज त्यांचे अवशेष बॉम जेझूस बासिलिकेत गोव्यातल्या कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडवलेल्या चांदीच्या पेटीत आहेत. त्या पेटीखालचा संगमरवरी चौथरा टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने पाठवला. फ्लोरेन्सचा शिल्पकार फोजिनी याला तो घडवायला दहा वर्षे लागली, आणि १६९८ मध्ये तो इथे बसवला गेला. संताच्या डोक्याखालची उशी ड्यूकला भेट मिळाली होती, तिची ही परतभेट असे सांगतात. मृत माणूस काही मिरवत नाही, हे खरे, पण त्याच्या नावाने जिवंत माणसे मिरवू शकतात.

बायबलमध्ये या वादाच्या दोन्ही बाजू आहेत. बेथानी गावात येशू जेवायला बसला असता एका स्त्रीने अत्यंत महाग सुगंधी तेलाची कुपी फोडून ते त्याच्या मस्तकावर ओतले. ते तेल विकले असते तर तीनशे दिनार, म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षभराची कमाई, गरिबांना देता आली असती, अशी कुरकुर लगेच सुरू झाली. येशूने त्या स्त्रीची बाजू घेतली: तिने सुंदर काम केले आहे, गरीब तर तुमच्याजवळ नेहमीच आहेत आणि वाटेल तेव्हा तुम्ही त्यांचे भले करू शकता. चांदीची पेटी, मुलाम्याची वेदी, फेस्ताचा बँड यांच्या समर्थनार्थ हाच प्रसंग सांगितला जातो, आणि तो चुकीचा नाही, कारण प्रेम हिशेब न करता खर्च करते. पण योहानाचे शुभवर्तमान या प्रसंगात एक तपशील पुरवते: कुरकुर करणारा, येशूला पुढे दगा देणारा शिष्य यहूदा होता, आणि त्याला गरिबांची पर्वा नव्हती. पैशाची थैली त्याच्याकडे असे आणि तो तीत हात घालत असे. म्हणजे डामडौलावर टीका करणाराही लोभी असू शकतो. हे ध्यानात ठेवलेले बरे.

दुसरी बाजू कॉन्स्टँटिनोपलचा बिशप जॉन क्रिसोस्तोम याने मांडली, आणि ती बेथानीच्या प्रसंगाइतकीच वजनदार आहे. तो म्हणतो: ख्रिस्ताच्या देहाचा मान राखायचा आहे ना? मग इथे त्याला रेशमाने मढवून बाहेर थंडीत उघडा सोडू नका. वेदीवर सोन्याचे प्याले आणि तो स्वतः भुकेने मरतो, याचा काय उपयोग? आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरेल त्यातून वेदी सजवा. त्याने चर्चला भेटी देण्यास मनाई केली नाही, क्रम ठरवून दिला. राजदरबारच्या बायकांच्या थाटामाटावर आणि श्रीमंतांच्या चांदीच्या भांड्यांवर तो सडकून बोलत असे. शत्रू वाढले, त्याला हद्दपार केले गेले, आणि ४०७ मध्ये तो हद्दपारीतच वारला. त्याच्याच काळात मिलानचा बिशप अँब्रोस याने युद्धातल्या कैद्यांना सोडवण्यासाठी चर्चची मौल्यवान पात्रे वितळवली होती आणि टीका झाल्यावर त्याचे जाहीर समर्थन केले होते. माझे मत विचाराल तर चांदीच्या पेटीला मी पोकळ दिमाख म्हणणार नाही. गरिबातला गरीब माणूसही नोव्हेनाला, म्हणजे फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, तिच्यासमोर उभा राहतो आणि ती त्याचीही असते. खासगी दिवाणखान्यातल्या झुंबराबाबत असे म्हणता येत नाही. परंतु क्रिसोस्तोमचा क्रम एखाद्या गावाने उलटा केला, म्हणजे चर्चच्या रंगरंगोटीला लाखो जमले आणि गावाच्याच एखाद्या वाडीतल्या विधवेच्या औषधाला जमले नाहीत, तर बेथानीच्या कुपीआड लपता येणार नाही.

सर्वस्व सोडले पाहिजे का, याला एकच उत्तर नाही. येशूने एका श्रीमंत तरुणाला सगळे विकून गरिबांना द्यायला सांगितले. तो खिन्न होऊन निघून गेला, आणि उंटाने सुईच्या नाकातून जाण्याचे ते वचन त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून उच्चारले गेले आहे. उलट जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट देण्याचे कबूल केले, तेवढ्याने येशूने त्याच्या घरी तारण, म्हणजे उद्धार, आल्याचे जाहीर केले. संपूर्ण त्याग ही काहींना आलेली हाक आहे. असिसीच्या फ्रान्सिसने कापडाच्या व्यापारी बापाचे कपडेही बिशपसमोर उतरवून परत केले. आपल्या मातीतले उदाहरण बाणावलीला १६५१ मध्ये जन्मलेल्या जुझे वाझ यांचे आहे. चांगल्या घरातला हा धर्मगुरू १६८७ मध्ये मजुराच्या वेषात सिलोनला गेला, कारण डच सत्तेने तिथे कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. कँडीत पोर्तुगीजांचा हेर समजून त्यांना कैदेत टाकले गेले, आणि १६९७ च्या देवीच्या साथीत, लोक आपल्या रोग्यांना रानात सोडून पळत असताना, त्यांनी त्या रोग्यांची सेवा केली. २०१५ मध्ये कोलंबोत त्यांना संत घोषित करण्यात आले. पोशाखाने माणूस ओळखला जाण्याची सवय असलेल्या समाजातून आलेल्या माणसाने आपला पोशाख नेमका कोणी ओळखू नये म्हणून निवडला, हे मला त्यांच्या चरित्रातले सर्वांत लक्षणीय वाटते.

प्रॉटेस्टंट परंपरेत साधेपणावर भर अधिक आहे, पण तिथे वेगळीच अडचण निर्माण झाली, आणि ती प्रांजळपणे सांगितली अठराव्या शतकातला इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने. जितके कमावता येईल तितके कमवा, जितके वाचवता येईल तितके वाचवा, जितके देता येईल तितके द्या, असा त्याचा उपदेश होता. म्हातारपणी त्याने खंत केली की लोकांनी पहिले दोन भाग ऐकले, तिसरा ऐकला नाही. धर्म माणसाला उद्योगी आणि काटकसरी करतो, उद्योगाने आणि काटकसरीने पैसा येतो, आणि पैसा आला की धर्म पातळ होतो, हे चक्र तोडायचे कसे, याचे त्याच्याकडे एकच उत्तर होते: द्या. विसाव्या शतकात अमेरिकेत वाढलेली आणि आता सगळीकडे पसरलेली ‘श्रद्धा ठेवा, श्रीमंत व्हाल’ ही शिकवण तर या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला आहे. कॅथलिक आणि जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या तिला मानत नाहीत, आणि निर्दोष माणसावर कोसळलेल्या संकटांची कथा सांगणारा बायबलमधला ईयोबाचा ग्रंथ वाचलेल्या माणसाला ती मानता येणेही कठीण आहे.

चर्चच्या आतच मिरवणे शिरले तर काय, याचे उत्तर बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आहे. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला मानाची जागा आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी बस म्हणणे, हा भेदभाव याकोब सरळ पाप म्हणून गणतो. गोव्यातल्या काही गावांत कॉन्फ्रारियाचे, म्हणजे चर्चशी जोडलेल्या धार्मिक मंडळाचे, सदस्यत्व आणि विशिष्ट फेस्त साजरे करण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींपुरता राहिला. मिरवणुकीत कॉन्फ्रारियाचा झगा कोणी घालायचा यावरून गावे दुभंगली, प्रकरणे धर्मपीठापर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेली. हे पैशाचे भांडण नव्हते, त्या झग्याला बाजारात काही किंमतही नाही. म्हणूनच ते शुद्ध स्वरूपातल्या पोकळ प्रतिष्ठेचे उदाहरण म्हणून दाखवता येते.

राहता राहिले लग्न, जिथे साक्षीदार आणि जामीनदार दोन्ही एकाच मांडवात भेटतात. कॅथलिक कायद्याप्रमाणे विवाह वैध होण्यासाठी वधूवर, अधिकृत धर्मगुरू आणि दोन साक्षीदार एवढे पुरते. बाकीचा हॉल, कॉकटेल, व्हिडिओवाला, दोन बँड आणि वधूच्या सख्यांचे एकसारखे पोशाख ही समाजाची मागणी आहे, धर्माची नव्हे. ही मागणी ज्या हिशेबावर चालते तो हिंदू घरांतल्या आहेराच्या वहीत असतो तसाच ख्रिस्ती घरांतल्या पाकिटांच्या यादीतही असतो: त्यांनी किती दिले होते, आपण किती द्यायचे, त्यांनी कोणाला बोलावले होते, आपण कोणाला वगळले तर राग येईल. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू थेट याच यादीवर बोट ठेवतो. मेजवानी द्याल तेव्हा मित्रांना, भावांना, नातलगांना आणि श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका, कारण ते तुम्हाला उलट बोलावतील आणि फिटंफाट होईल, तर गरिबांना, लुळ्यापांगळ्यांना, आंधळ्यांना बोलावा, कारण त्यांच्याजवळ परत द्यायला काही नसते. कोणताही ख्रिस्ती समाज हे वचन शब्दशः पाळत नाही, आणि पाळावेच असे धर्मगुरूही सांगत नाहीत. परंतु गोव्यातल्या कॅथलिक लग्नात एक जुनी रीत आहे, जिला ‘भिकाऱ्यांचे जेवण’ म्हणतात. लग्नाच्या आधी, घरातल्या मृत पूर्वजांच्या स्मरणार्थ, गावातल्या गरिबांना घरी बोलावून पंगतीत बसवून जेवू घालतात, आणि घरचे लोक स्वतः वाढतात. तिथे पाकीट येत नाही आणि त्याची नोंदही कुठे होत नाही. ज्या काही घरांनी ही रीत अजून सोडलेली नाही ती आता हे जेवण वृद्धाश्रमात पोहोचवतात, आणि वाढायला वधूवरांपैकी कोणी गेलेच तर हॉलच्या सजावटीचे काम त्या सकाळी दुसऱ्या कोणावर तरी सोपवावे लागते.